पाहुणे येईपर्यंत बंद

मला तोंड नाही. किल्लीसाठी एक भोक आहे, आणि आता त्यातही माती गेली आहे. पण जे सांगायचं ते इतके दिवस पोटात ठेवून माझ्या आतल्या खुंट्या गंजून गेल्या, म्हणून आज बोलतो. मी कुलूप आहे. न्चिसीच्या डोंगराखालच्या मतेंजे गावात, शाळेच्या दाराला लावलेलं कुलूप.

शाळेचं कुलूप रात्री लावतात आणि सकाळी काढतात, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. पण मला एकदा लावलं ते दोन वर्षं पोरांसाठी एकदाही काढलं नाही.

रागाच्या भरात बोलू नये म्हणतात. मी बरेच महिने थांबून पाहिलं. राग उतरला नाही. तेव्हा तसाच ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. यंत्रानं एका दमात माझ्यासारखी शेकडो कुलपं ओतली. पितळेचं अंग, पोलादाची कडी. तिथून खोक्यात, जहाजात, ट्रकमध्ये बसून मी मलावीत आलो आणि न्चिसीच्या बाजारात एका फेरीवाल्यानं मला तारेला टांगलं. शेजारी बॅटऱ्या, ब्लेडची पाकिटं, प्लास्टिकचे कंगवे. येणारा-जाणारा मला हातात घ्यायचा, किल्ली फिरवायचा आणि 'टक्' असा आवाज झाला की हसायचा. घ्यायचं कुणीच नाही. माणसाला कुलूप उघडल्याचा आवाज आवडतो, हे मला तिथं कळलं. बंद केल्याचाही आवडतो, हे नंतर कळलं.

मला विकत घेतलं लायटननं. उंच माणूस, चालताना थोडा पुढे झुकलेला, डोक्यावर उन्हानं पिवळी पडलेली हॅट. मतेंजेच्या वळणावर त्याची मका दळायची गिरणी होती. तिच्या दाराला त्यानं मला लावलं.

ते दिवस चांगले होते. सकाळी मला उघडायचे, संध्याकाळी लावायचे. दिवसभर मी कोयंड्याला उघडाच लोंबकळत असायचो आणि मक्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या गप्पा ऐकायचो. त्यांत नाबांडा म्हणून एक म्हातारी होती. तिचं तोंड गिरणीपेक्षा जोरात चाले.

"लायटन, तुझी गिरणी दळते कमी आणि खोकते जास्त!"

"तुमच्याच वयाची आहे ती, आजी. खोकणारच."

"माझ्या वयाची? अरे, मी अजून खोकत नाही, शिव्या देते!"

रांग हसायची. लायटनही हसायचा. तेव्हा तो हसणारा माणूस होता, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला जन्माचा वाईट समजाल. माझा राग तेवढा सोपा नाही.

मतेंजेची शाळा चौथीपर्यंतच होती. पहिली-दुसरी गवताच्या छपराखाली बसायची आणि तिसरी-चौथी अंजिराच्या झाडाखाली. पाचवीला जायचं तर नदीपलीकडच्या गावात, अडीच तासांची वाट. पावसाळ्यात नदीवर टाकलेलं लाकूड वाहून जायचं आणि त्याबरोबर वर्षही. म्हणून मतेंजेची पोरं चौथी शिकायची आणि शाळा संपली म्हणायची. मुलगे गुरांमागे जात, नाहीतर तंबाखूच्या मळ्यावर. मुलींचं मी सांगायला नको.

मग गावानं ठरवलं, पाचवीसाठी खोली बांधायची. एका परदेशी संस्थेनं कळवलं की पत्रे, सिमेंट आणि बाकं आम्ही देऊ. विटा, वाळू आणि पाणी तुमचं. गाव कामाला लागलं. पुरुषांनी माती तुडवली, विटा पाडल्या, भट्टी लावली. बायकांनी ओढ्यावरून पाणी आणलं. शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोरानं येताना डोक्यावरून एक डबा पाणी आणायचं, असा नियमच केला. मी गिरणीच्या दारावरून बघायचो. रोज सकाळी पोरांची ओळ जायची आणि रस्त्यावर पाण्याच्या थेंबांची रेघ राहायची. त्या ओळीत झिओने असायची, लायटनच्या धाकट्या बहिणीची, एनेलेसीची मुलगी. तिचा डबा गळका होता. ती त्याच्या भोकावर बोट दाबून चालायची.

शाळेच्या समितीचा अध्यक्ष लायटन. त्यानं कुणाहीपेक्षा जास्त काम केलं, हेही मी सांगतो. पहिल्या भट्टीला त्याच्या बैलगाडीनं लाकडं आली. त्या दिवसांतच त्याच्या गिरणीचं इंजिन कायमचं बसलं, तेव्हा मला काढून तो शाळेवर घेऊन आला. "गिरणी गेली, कुलूप तरी कामाला येऊ दे," असं म्हणाला. मला किती अभिमान वाटला असेल सांगा! पिठाच्या दारावरून मी पुस्तकांच्या दारावर आलो होतो.

लांबलचक खोली तयार झाली. वर चमकणारे पत्रे. आत तीस नवी बाकं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. दाराशेजारी काळ्या दगडाची पाटी बसवली, तीवर मंत्रिसाहेबांचं नाव आणि खाली लहान अक्षरांत लायटनचं. पाटीवर निळं कापड टाकलं. मग लायटननं दार ओढलं, मला कोयंड्यात घातलं आणि दाबलं.

'टक्.'

"साहेब येऊन उघडतील," तो पोरांना म्हणाला. "तोवर कुणी हात लावायचा नाही."

साहेब आले नाहीत. आधी त्यांच्या दौऱ्याची तारीख पुढे गेली. मग निवडणूक आली आणि साहेब पडले. नव्या साहेबांकडून निरोप आला की जुन्या नावाच्या पाटीखाली उभं राहायला वेळ नाही. मग पाटी बदलली. मग पावसानं रस्ता गेला. रस्ता झाला तर साहेब परदेशी गेले. दर वेळी पत्र यायचं, दर वेळी बायका अंगण झाडायच्या, कोंबड्या बांधून ठेवायच्या, नाचाची तालीम करायच्या. दर वेळी कोंबड्या सोडून द्यायच्या.

आणि पोरं झाडाखाली बसायची, माझ्यापासून वीस पावलांवर. धूळ उडायची, वही पोटाशी धरायची. आत तीस बाकं प्लास्टिकमध्ये झोपलेली. बाहेर शंभर पोरं दगडांवर बसलेली. मधे कोण? मी.

कुलपाला लाज वाटते का, असं कुणी विचारलं तर सांगा, वाटते.

झिओने रोज सकाळी यायची. भिंतीला हवेसाठी जाळीच्या विटा लावल्या होत्या. त्यांतून एक डोळा लावून आत बघायची. मग दारापाशी येऊन मला धरून एकदा हलवायची. जोरात नाही, झोपलेल्या माणसाला हलवावं तशी. मी जागाच असायचो. मला उघडता येत नव्हतं, एवढंच.

पहिल्या वर्षी ती चौथी पास झाली. खोली आज उघडेल, उद्या उघडेल म्हणून परत चौथीतच बसली. दुसऱ्या वर्षीही तेच. तिच्या बरोबरच्या पोरी एक-एक करून गेल्या. ती तिसऱ्यांदा चौथीत बसली तेव्हा तिला पुस्तक पाठ होतं, पानाच्या डागांसकट. कुमवेंडा गुरुजी तिला पहिलीची पोरं शिकवायला द्यायचे. ती वाळूत काटकीनं अक्षरं काढायची आणि पोरांना ओरडायची, "डोकं खाली करून बघ की! अक्षर काय आभाळात आहे?"

आणखी एक गोष्ट मला माहीत होती आणि मी कुणाला सांगू शकत नव्हतो. मी बंद होतो, पण सगळ्यांसाठी नाही. लिलावात न खपलेल्या स्वतःच्या तंबाखूच्या गासड्या लायटननं एका संध्याकाळी बैलगाडीतून आणल्या. त्याच्या घराचं छप्पर गळत होतं, शाळेचं गळत नव्हतं. इकडे-तिकडे बघून त्यानं मला उघडलं. किती दिवसांनी तो 'टक्' झाला! क्षणभर मला वाटलं, आली वेळ. मग तंबाखूचा उग्र वास माझ्यावरून आत गेला आणि मी परत बंद झालो. पोरांना जिथं पाय ठेवायला मनाई होती तिथं तंबाखू छपराखाली गेला. त्या दिवसापासून माझ्या आत जे जळतंय ते अजून विझलेलं नाही.

मग सप्टेंबर आला, नवं वर्ष सुरू व्हायचा महिना. एका गुरुवारी शिक्षण खात्याचे साहेब मोटारसायकलवरून आले. डोक्यापासून बुटांपर्यंत लाल धूळ. त्यांनी मला बघितलं, कापड टाकलेली पाटी बघितली आणि झाडाखाली बसलेली पोरं बघितली.

"कुमवेंडा, पाचवीसाठी एक शिक्षिका मिळाली आहे. सोमवारी सकाळी तिला घेऊन येतो. पोरं छपराखाली बाकांवर बसलेली दिसली तर ती इथं राहील. नाहीतर पुढचं गाव मागतंयच."

"साहेब, झाडाखाली सुरू केली तर?"

"पाचवी झाडाखाली सुरू करायची परवानगी नाही मला. चार वर्षं या भागात मी शाळा तपासतोय की झाडं मोजतोय, तेच कळेना झालंय."

"पण किल्ली समितीकडे आहे. उद्घाटन व्हायचंय."

"मग समितीला शिकवू दे पाचवी," साहेब म्हणाले आणि गाडीला लाथ मारून निघून गेले.

झिओने झाडाआडून ऐकत होती. ती गुरुजींसमोर येऊन उभी राहिली. गुरुजींनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "पोरी, तुझं नाव चौथीच्या हजेरीत चौथ्यांदा घालता येत नाही. नियम आहे. यंदा पाचवी झाली तर पाचवी. नाहीतर…"

"हजेरीत नाव नको. मी अशीच बसते."

"अशीच बसून काय करशील?"

"पहिलीला शिकवते तशी शिकवेन."

गुरुजींनी खडूचा तुकडा खिशात घातला, परत काढला. चांगला माणूस. पण चांगल्या माणसांचाही मला राग आहे. दोन वर्षं ते माझ्यासमोरून जात होते आणि मान खाली घालत होते.

शनिवारी दुपारी लायटन परत बैलगाडी घेऊन आला, दोन गासड्या राहिल्या होत्या. त्यानं मला काढलं, गासड्या आत लोटल्या आणि वळला तर समोर एनेलेसी.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बहिणीच्या पोरांचा खरा वाली मामा. बाप लग्न होऊन बायकोच्या गावात येतो, थोडा पाहुण्यासारखाच राहतो. पोरांची शाळा, सोयरीक, भांडण, मयत, सगळीकडे शब्द मामाचा. बहीण भावाच्या शब्दापुढे बोलत नाही. काही मागायचं तर गुडघे टेकून मागते.

एनेलेसीनं गुडघे टेकले. तळहात पोकळ धरून तिनं हलक्या टाळ्या वाजवल्या, मोठ्यांकडे मागताना वाजवतात तशा.

"दादा, किल्ली मागायला आले."

"कसली किल्ली?"

"तुमच्या हातात आहे तीच."

लायटननं हात मागे घेतला. "एनेलेसी, पुढच्या महिन्यात उद्घाटन नक्की आहे. पत्र आलंय."

"दोन वर्षं पत्रंच येतायत, दादा. ती चुलीत घातली असती तर गावाची मक्याची न्सिमा शिजली असती."

"तुला काय कळतं? डोंगरापलीकडच्या कपूटा गावानं पाहुण्यांच्या आधी स्वतःच दवाखाना उघडला. पुढं काय झालं? नर्सचं घर मिळायचं होतं, विहीर मिळायची होती, सगळं गेलं. मोठ्या माणसाच्या आधी ताटात हात घालणाऱ्याला दुसऱ्यांदा कोण वाढतं?"

"खरंय. पण त्यांच्या दवाखान्यात निदान खाटेवर माणूस झोपतो. आपल्या शाळेत तंबाखू झोपलाय."

लायटनचा चेहरा उतरला. मग चढला. "तंबाखू काय बाकं खातोय का? माझं छप्पर गळतं. पानं भिजली तर माझं वर्ष जाईल."

"झिओनेची दोन गेली."

"झिओनेचं मी बघतो. बहिणीची पोर म्हणजे माझीच पोर. मंगळवारी कासुंगूच्या मळ्यावर ट्रक जातोय. तंबाखूच्या रोपांना पाणी घालायला पोरी हव्या आहेत. दोन वेळचं खाणं आहे. तिला पाठवायचं ठरवलंय मी."

एनेलेसीनं परत टाळ्या वाजवल्या. "दादा, किल्ली द्या."

"नाही."

परत टाळ्या. "दादा, किल्ली द्या."

लायटननं दार ओढलं आणि मला दाबलं. 'टक्.' माझ्या आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा आवाज.

तो गाडी घेऊन गेला. एनेलेसी उठली. गुडघ्यांची धूळ तिनं झटकली नाही, तशीच घेऊन घरी गेली.

सोमवारी सूर्य नुकता वर आला होता. पहिल्यांदा मी आवाज ऐकला, बायका बोलत येत होत्या. मग दिसल्या. नऊ बायका, कमरेला चितेंजेची रंगीत कापडं घट्ट बांधलेली, खांद्यावर मका कांडायची मुसळं. पुढे एनेलेसी. मागे काठी टेकत नाबांडा.

"सरका ग, पहिला घाव माझा," नाबांडा म्हणाली. "या भिंतीत माझ्या डोक्यावरचे केस गेलेत, पाणी वाहून वाहून."

"आजी, मुसळ उचलेल का तुम्हाला?"

"मुसळ मला उचलेल, तुला काय करायचंय?"

तिनं घातलेला घाव दारावर बसला आणि सगळ्या हसल्या. मग एनेलेसीनं मुसळ दोन्ही हातांनी धरलं. ती हसत नव्हती.

पहिला घाव माझ्या अंगावर. दुसरा कडीवर. मला घडवणाऱ्यानं मला चांगलं घडवलं होतं, आणि त्या दिवशी मला त्याचाही राग आला. कशाला एवढं पोलाद घातलं? चोरासाठी? इथं चोर कोण होतं? आई दार ठोठावत होती आणि मी मजबूत होतो! कुलपानं धरून ठेवायचं असतं, दुसरं काही त्याला शिकवलेलंच नसतं. पण त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा मी सोडायचा प्रयत्न केला. खुंट्या, दात, जे काही आत आहे ते सगळं सैल सोडून दिलं. माझ्यामुळे झालं की मुसळामुळे, मला माहीत नाही. सातव्या घावाला कडी उपटली आणि मी जमिनीवर पडलो.

दार उघडलं.

आतल्या तंबाखूच्या वासानं बायका मागे सरल्या. कुणी तरी शिवी दिली. एक जण म्हणाली, "ओढ्यात टाकू सगळा!"

"एक पान टाकायचं नाही," एनेलेसी म्हणाली. "आपण खोली घ्यायला आलोय, भावाचं पोट मारायला नाही."

त्यांनी गासड्या एक-एक करून बाहेर आणल्या, झाडाखाली दगडांवर रचल्या आणि बाकांचं प्लास्टिक काढून त्यांच्यावर पांघरलं. पोरं धावत आली. नव्या लाकडावरून हात फिरवत होती, वास घेत होती, बसून परत उठत होती. नाबांडा सगळ्यांच्या आधी पहिल्या बाकावर बसली. "तीन वर्षांपूर्वी पाणी वाहिलं, बूड टेकायला आज मिळालं. गुरुजी, माझंही नाव घाला पाचवीत!"

तेवढ्यात लायटन आला. कुणी तरी पळत जाऊन सांगितलं असणार. तो झाडाखालच्या गासड्यांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग बहिणीकडे.

एनेलेसीनं त्याच्यासमोर गुडघे टेकले. इतकं करूनही टेकले. टाळ्या वाजवल्या. "दादा, तंबाखू कोरडा आहे. मोजून घ्या."

"आजपासून तुझ्या पोरांना मामा नाही," लायटन म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "लग्नाला, मयताला मला बोलावू नकोस. माणसं विचारतील तेव्हा तूच उत्तर दे."

आमच्याकडे हे केवढं मोठं बोलणं आहे ते मी सांगू शकत नाही. मामा नसलेलं पोर म्हणजे बांध नसलेलं शेत. एनेलेसी गुडघ्यांवरच होती.

"देईन उत्तर," ती म्हणाली.

मोटारसायकलचा आवाज आला. शिक्षण खात्याचे साहेब, आणि मागे मांडीवर पेटी धरून बसलेली तरुण शिक्षिका. साहेबांनी दारातून आत बघितलं. सव्वीस पोरं बाकांवर, हात जोडून, श्वास रोखून. जमिनीवर पडलेला मी त्यांना दिसलो. मला त्यांनी बुटानं हळूच बाजूला केलं.

"दार उघडलंत, बरं झालं," एवढंच म्हणाले. कसं उघडलं ते विचारलं नाही. मंगळवारी कासुंगूचा ट्रक आला आणि झिओनेशिवाय गेला.

गोष्ट इथं संपली असती तर माझा राग कदाचित निवला असता. पण मोठी माणसं विसरत नाहीत. त्यांना वेळ मिळत नाही, एवढंच.

आठ महिन्यांनी, थंडीच्या सुरुवातीला मंत्रिसाहेबांचं पत्र आलं आणि त्या वेळी ते खरं निघालं. रस्ता सारखा केला, गवत कापलं, कोंबड्या बांधल्या. लायटन समितीचा अध्यक्ष होताच. तो आठ महिन्यांत एनेलेसीच्या अंगणात एकदाही आला नव्हता. झिओने रस्त्यात दिसली की गुडघा वाकवून नमस्कार करायची आणि तो हॅट पुढे ओढून निघून जायचा.

त्या दिवशी सकाळी पाचवीची गणिताची परीक्षा चालू होती. लायटन आला आणि शिक्षिकेला म्हणाला, "मॅडम, पोरांना बाहेर काढा. दार बंद करायचंय."

"परीक्षा चालू आहे."

"दार उघडंच असेल तर साहेब उघडणार काय?"

पोरं बाहेर आली, अर्धे पेपर हातात. लायटननं दार ओढून घेतलं. मग तो ओसरीच्या कोपऱ्यात आला आणि मातीतून त्यानं मला उचललं. मला! मोडलेल्या कुलपाला! माझी उपटलेली कडी कोयंड्यातून घातली, तारेचा तुकडा गुंडाळून मला तिच्यावर टांगलं आणि बाहीनं पुसलं, फोटोत चांगलं दिसावं म्हणून. मी बंद नव्हतो, पण बंद दिसायचं होतं. खरं कुलूप असताना मला जेवढी लाज वाटली नाही तेवढी त्या दिवशी वाटली.

साहेब आले. मागून तीन गाड्या. बायका नाचल्या, कॅमेरे पुढे झाले, पाटीवरचं कापड ओढलं, टाळ्या झाल्या. लायटननं किल्ली साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती माझ्यात घातली. माझ्या पोटात माती होती, किल्ली फिरेना. साहेबांनी जरासा हिसका दिला आणि मी कडीपासून सुटून त्यांच्या मुठीत आलो.

"बघा बघा!" गर्दीतून नाबांडा ओरडली. "साहेबांच्या हाताला काय जोर आहे!"

सगळं गाव हसलं. साहेबही हसले, कारण काय ते न कळता. त्यांनी दार ढकललं.

आत, मागच्या बाकावर, झिओने बसली होती. सगळे बाहेर आले तेव्हा ती आलीच नव्हती आणि दार लावताना कुणी आत बघितलं नव्हतं. मान खाली, वहीत डोकं, पेन्सिल चालू. कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला तेव्हा तिनं वर बघितलं.

लायटन पुढे झाला. आठ महिन्यांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला. "झिओने, बाहेर ये."

ती उठली. गुडघा वाकवला. "मामा, दोनच गणितं राहिलीत."

मी साहेबांच्या मुठीत होतो, सगळं जवळून दिसत होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांच्या माणसानं लायटनला डोळ्यांनी खूण केली, पोरीला काढ. बाहेर एनेलेसी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. लायटननं तिच्याकडे बघितलं नाही. झिओनेच्या वहीकडे बघत होता. मग त्यानं डोक्यावरची हॅट काढली.

"साहेब," तो म्हणाला, "जरा थांबावं लागेल. पोरगी पेपर लिहिते आहे."

आणि त्यानं दार हळूच लोटून घेतलं, धूळ आत जाऊ नये म्हणून.

साहेब ओसरीवर उन्हात उभे राहिले. मोडकं कुलूप हातात धरून. त्यांना ते कुठं ठेवावं ते सुचत नव्हतं. आतून पेन्सिलीचा आवाज येत होता.

शेवटी त्यांनी मला पाटीच्या खालच्या कठड्यावर ठेवलं. मी अजून तिथंच आहे. कडी एकीकडे, मी एकीकडे. माझ्यात एका मुंगीनं घर केलंय. मला दुरुस्त करू नका, विकू नका, वितळवून दुसरं कुलूप तर अजिबात करू नका. गंजू द्या.

माझा राग गेला असं समजू नका. झिओनेची दोन वर्षं कुणीही परत आणणार नाही, आणि तिच्या बरोबरच्या ज्या पोरी आधीच गेल्या त्यांच्यासाठी कोणतंच दार उघडलं नाही. त्यांची नावं पाटीवर नाहीत. मला सगळी पाठ आहेत.

तुमच्या कमरेलाही एखादी किल्ली असेल, तर कुणाच्या येण्याची वाट बघू नका. ज्यांच्यासाठी ते घर बांधलं ती माणसं केव्हाच आलेली आहेत. बाहेर, धुळीत बसली आहेत. जा, उघडा.